चुकून

माझ्या हस्तलिखितात 'चुकून' हा शब्द 31 वेळा आला होता. मुद्रितशोधनाचं काम मी गेली 22 वर्षं करते. एखादा शब्द सारखा यायला लागला की तो डोळ्याला खुपतो, पण दुसऱ्याच्या पुस्तकात. स्वतःच्या कादंबरीत तो मला दीड वर्ष दिसला नव्हता. दाखवला तो लेकीच्या मैत्रिणीने, आठवीतल्या मुलीने. त्या एका शब्दापायी सगळी कादंबरी मोडून पुन्हा लिहावी लागली. ते कसं झालं ते सांगते. किशोरवयीन मुलांसाठी लिहिणाऱ्या कुणाला यातलं काही उपयोगी पडलं तर बरंच आहे, आणि काही गोष्टी मला कुठेतरी लिहून ठेवायच्याच आहेत.

कादंबरी अशी. श्रावणी आणि तन्वी नववीत, मुंबईतल्या एकाच चाळीत वाढलेल्या. तन्वीने एका मुलाला पाठवलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट फक्त श्रावणीला दाखवलेला असतो. श्रावणीकडून तो रिया नावाच्या तिसऱ्या मुलीला जातो, रियाकडून पुढे जातो, फिरत फिरत तन्वीच्या घरी पोचतो. तन्वीची शाळा सुटते, तिला गावी पाठवतात. सगळे रियाला दोष देतात, कारण तो तिच्या फोनवरून फिरला. रिया ओरडून सांगते की मला श्रावणीने पाठवला, पण तोवर श्रावणीने मेसेज दोन्हीकडून काढून टाकलेला असतो. त्यानंतर श्रावणी पत्रं लिहायला लागते. पूर्ण कादंबरी म्हणजे तिची पत्रं.

पत्रंच का, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून विचारला गेला. ज्या प्रकाशकांना कल्पना सांगितली तेही म्हणाले की आजची मुलं पत्र लिहितात कुठे. माझ्याकडे तेव्हा नीट उत्तर नव्हतं. मनात इतकंच होतं की ज्याच्या पोटात काहीतरी दडलेलं असतं, तो माणूस समोरासमोर बोलत नाही, फोनवर बोलत नाही, पण कागदावर कधी ना कधी बोलतो. साने गुरुजींचा श्याम आपल्या चुका रात्रीमागून रात्र आश्रमातल्या मित्रांना तोंडाने सांगतो, पण तो मोठा झालेला श्याम आहे. चुका करणारा लहान श्याम जर त्याच आठवड्यात सांगायला बसला असता, तर इतकं सरळ सांगू शकला असता का? चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला मोठेपणीची ती शांतता नसते. तो अजून त्याच घरात, त्याच वर्गात असतो. पत्रात हीच गोष्ट साधते: लिहिणारा अजून त्यातून बाहेर आलेला नसतो. पुढच्या पत्रात काय घडणार आहे हे त्याला माहीत नसतं, आणि वाचणाऱ्यालाही.

नेमकं उत्तर मुलांनीच दिलं. भांडुपला आमच्या इमारतीत लेकीच्या पाच-सहा मैत्रिणी दर रविवारी घरी येत. त्यांना मी प्रकरणं वाचून दाखवायची. पहिल्याच रविवारी विचारलं, श्रावणीने मेसेज का नाही करायचा तन्वीला? एक म्हणाली, "मेसेज केला की ब्लू टिक दिसते ना काकू. वाचलंय आणि उत्तर नाही दिलं, हे कळतं. पत्रात काहीच कळत नाही." दुसरी म्हणाली, "आणि पत्र पेटीत टाकलं की डिलीट करता येत नाही." ही दोन वाक्यं मी त्याच रात्री वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली. कळत नाही आणि परत घेता येत नाही. कादंबरीतला सगळा ताण या दोन गोष्टींवर उभा राहिला.

पण मुलांना पत्र हाताने माहीत नव्हतं. पोस्टातून अडीच रुपयाला एक अशी दहा आंतर्देशीय पत्रं आणली आणि त्यांच्यासमोर ठेवली. एकीने घडी उलटी घातली, मजकूर बाहेर आणि पत्ता आत. दुसरीने विचारलं, पाकीट कुठाय? मग मी दाखवलं की हा कागदच पाकीट होतो, कडांना डिंक असतो, जागा संपली की संपली. त्यावरून मी स्वतःला एक नियम घातला: श्रावणीचं कुठलंही पत्र एका आंतर्देशीय पत्रात मावलं पाहिजे. हाताने खरंच लिहून बघायचं, मावतंय का. जिथे ती घाबरलेली असे तिथे अक्षर मोठं यायचं आणि जागा पुरायची नाही. जिथे खोटं बोलत असे तिथे अक्षर बारीक, सुबक, आणि जागा उरायची. हे मी ठरवून केलं नव्हतं, हात करत होता.

मराठी पत्राच्या साच्यात एक फार मोलाची गोष्ट आहे, ती म्हणजे ता. क. पत्र संपलं, सही झाली, आणि मग खाली 'ता. क.' म्हणून दोन ओळी. माझी आजी गावाहून पत्र पाठवायची त्यात वर सगळी क्षेमकुशल, पाऊस, भात, म्हैस. आणि ताज्या कलमात 'तुझ्या काकांचे दुखणे वाढले आहे, येऊन जावे'. खरं पत्र तेवढंच. श्रावणीच्या पत्रांतही मी हेच केलं. वर ती शाळेचं सांगते, पावसाचं सांगते, वर्गात कोण कुणाशी बोलत नाही ते सांगते. आणि बाजूच्या पट्टीवर, आडवं, ता. क. मध्ये खऱ्याचा एकेक तुकडा निसटतो.

आणखी एक गोष्ट या मुलींकडून कळली. दहावीच्या मराठीच्या पेपरात त्या विनंतीपत्र, मागणीपत्र, अभिनंदनपत्र लिहायला शिकतात. माफी मागायचं पत्र मात्र त्यांना एकाच प्रकारचं ठाऊक आहे, माफीनामा. शाळेत काही झालं की बाई सांगतात, लिही: मी पुन्हा असे करणार नाही. खाली पालकांची सही. बाई सांगतील ते शब्द, बाई सांगतील तितक्या ओळी. एकीने सांगितलं की तिने चौथीत असा माफीनामा लिहिला होता आणि ती गोष्ट तिने केलीच नव्हती. "मग का लिहिलास?" "लवकर घरी जायचं होतं." मी ते श्रावणीच्या सातव्या पत्रात घातलं. ज्या मुलांना माफी म्हणजे शिक्षेचा कागद एवढंच शिकवलं जातं, त्यांच्याकडून आपण मोकळ्या मनाच्या कबुलीची अपेक्षा करतो. याचा मला राग येतो आणि तो राग पुस्तकात उतरलाय, तो मी काढलेला नाही.

सगळ्यात जास्त छळलं ते पत्र लिहायचं कुणाला या प्रश्नाने. सुरुवातीला श्रावणी थेट तन्वीला लिहीत होती. ते जमेना. जिचं वाईट केलं तिलाच लिहायचं म्हटलं की दुसऱ्या पत्रात सगळं सांगून टाकावं लागतं, नाहीतर ती पत्रं म्हणजे निव्वळ फसवणूक. मग देवाला लिहून पाहिलं, वारलेल्या आजीला लिहून पाहिलं. दोघंही फार लवकर माफ करतात.

तेव्हा मी एकदा काम लवकर आटोपून जी.पी.ओ.ला, म्हणजे मुंबईच्या मुख्य पोस्टात गेले. सी.एस.टी.जवळची ती 1913 सालची इमारत, जॉन बेगने आखलेली, विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा घुमट. लहानपणी तिच्यासमोर ताडपत्रीखाली ओळीने बसलेले पत्रलेखक मी पाहिले होते. आता मोजकेच उरलेत आणि तेही पार्सलं कापडात शिवून देतात, लाख लावतात, फॉर्म भरून देतात. पूर्वी गिरणीतले, गोदीतले, हमाली करणारे, लिहिता न येणारे लोक त्यांच्यापुढे उकिडवे बसून बोलायचे आणि हे लिहायचे. कामाठीपुऱ्यातल्या बायकाही गावी पैसे आणि पत्र पाठवायला इथे येत. इथे कुठलं काम करतो ते घरी कळू द्यायचं नाही, आणि ते लिहिणाऱ्याला माहीत असायचं. पार्सलाला टाके घालणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांजवळ मी अर्धा तास बसले. त्यांना विचारलं, लोक तुम्हाला सगळं खरं सांगायचे? ते म्हणाले, मला खरं सांगायचे, लिहायला खोटं सांगायचे. दाभण काढून घेत त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं की मला वही उघडायलाही सुचलं नाही.

म्हणजे मध्ये कुणीतरी अनोळखी माणूस हवा. ज्याला श्रावणीचं काही देणंघेणं नाही, जो तिला ओळखत नाही, पण वाचतो.

तो माणूस मिळाला आमच्याच इमारतीत. तळमजल्यावर एक निवृत्त पोस्टमन काका राहतात. त्यांना मी विचारलं की पाडलेल्या चाळीच्या पत्त्यावर पत्र आलं तर काय होतं. मी नायगावच्या बी.डी.डी. चाळीत वाढले. मधे लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, प्रत्येक खोली 160 चौरस फुटांची, संडास मजल्याला सामायिक. पुनर्विकासात 500 चौरस फुटांची घरं मिळणार म्हणून चाळी एकेक करून रिकाम्या झाल्या, लोक ट्रान्झिटमध्ये, म्हणजे तात्पुरत्या घरांत गेले, आणि आमची पाडायला घेतली तेव्हा मी मुद्दाम जाऊन पाहून आले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीची एकच भिंत उभी होती, फिकट हिरवी, तिच्यावर कॅलेंडरच्या खिळ्याची जागा दिसत होती. काका म्हणाले, "माणूस कुठे गेला ते ठाऊक असेल तर पोस्टमन पत्र तिकडे वळवतो. नसेल तर 'लेफ्ट' असा शेरा मारून पाठवणाऱ्याकडे परत." "आणि पाठवणाऱ्याने स्वतःचा पत्ताच लिहिला नसेल तर?" "मग ते आर. एल. ओ.ला जातं, रिटर्न्ड लेटर ऑफिस. तिथे फोडतात. पोस्टात दुसऱ्या कुणाला कुणाचं पत्र फोडायचा अधिकार नाही, तो फक्त त्यांना. आत पत्ता सापडतो का बघतात."

मी जिन्यातच थांबले. श्रावणी पत्रं लिहील ती तन्वीच्या जुन्या खोलीला, खोली नंबर 47, नायगाव, मुंबई 400014. तिथे आता कुणी नाही हे तिला माहीत आहे, म्हणून तर ती लिहू शकते. स्वतःचा पत्ता ती घालत नाही. पत्र पेटीत पडलं की संपलं असं तिला वाटतं. पण चाळ पडली तरी पिनकोड तोच राहतो. 1972 साली 15 ऑगस्टला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही सहा आकड्यांची पद्धत सुरू झाली. पहिले तीन आकडे मुंबईचे, शेवटचे तीन पोस्टाचे; खोली असो वा नसो, पत्र त्या पोस्टात पोचणारच. तिथून ते एका टेबलावर जातं आणि कायद्याने तो अधिकार असलेला एक माणूस ते फोडतो. तिचं गुपित कुणीतरी वाचत असतं, आणि हे तिला शेवटापर्यंत ठाऊक नसतं.

इथवर यायला वर्ष गेलं. त्या वर्षात मी खूप आनंदात होते. सकाळच्या स्लो लोकलमध्ये खिडकीशी जागा मिळाली तर दादरपर्यंत एक पत्र होई.

मग तो रविवार आला. बावीस पत्रं झाली होती आणि मी स्क्रीनशॉटचं प्रकरण वाचत होते. श्रावणीला तो तन्वीलाच परत पाठवायचा असतो, यादीत वरखाली नावं असतात, बोट घसरतं आणि चुकून रियाला जातो. वाचून झालं. सगळ्या गप्प होत्या, मला वाटलं आवडलं. मग ती आठवीतली मुलगी, जी एरवी फारसं बोलायची नाही, म्हणाली, "काकू, ती खोटं बोलतेय ना?"

मी म्हटलं, कोण?

"श्रावणी. चुकून गेलं तर आपण लगेच डिलीट करतो. तिने केलंच की डिलीट, दोन दिवसांनी. मग आधी का नाही केलं?"

लेक म्हणाली, "अगं, तिला कळलं नसेल."

"कळतं," ती म्हणाली. "आणि तुम्ही 'चुकून' किती वेळा लिहिलंय."

त्या गेल्यावर मी लाल पेन घेऊन बसले. 'चुकून', 'चुकून गेलं', 'माझ्या हातून चुकून'. गोल करत गेले. 31 झाले. बावीस पत्रांत असं एकही पत्र नव्हतं जिथे तो शब्द नाही किंवा त्याची सावली नाही. श्रावणीला मी नुसती दुर्दैवी करून ठेवली होती. तिची टोचणी खोटी वाटत होती, कारण टोचावं असं तिने काही केलंच नव्हतं. आणि ते मी का केलं होतं, हे त्या रात्री मला चांगलं कळलं.

1994 साली मी नववीत होते. आमच्या मजल्यावर माझी मैत्रीण राहायची, समोरची खोली. तिने बाजूच्या चाळीतल्या एका मुलाला चिठ्ठी लिहिली होती, वहीच्या मधल्या पानावर, चार घड्या घातलेली, आणि ती पोचवायला माझ्याकडे दिली होती. असं आपलं माणूस समजून कुणी काही सोपवणं हे तेव्हा मला जगातलं सर्वात मोठं सुख होतं. दुसऱ्या दिवशी नळावर मला कळलं की दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीलाही तिने हे सगळं सांगितलंय, माझ्याआधी. एवढंच. गुपित माझ्या एकटीचं नव्हतं.

मैत्रिणीचे वडील भजनी मंडळात होते. गुरुवारी रात्री चाळीच्या गणपतीच्या खोलीत भजन असायचं. गजरांची त्यांची एक जाड वही होती, लाल कापडी पुठ्ठ्याची, ती संध्याकाळपासून पेटीवर ठेवलेली असे. मी ती चिठ्ठी त्या वहीत ठेवली. पहिल्या गजराच्या पानावर, जिथे ते उघडणारच. रात्री मी भजनाला जाऊन बायकांत बसले. काकांनी वही उघडली, घडी उलगडली, वाचली, पुन्हा चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग पेटीचा भाता ओढला आणि गजर सुरू केला. पूर्ण म्हटला. आरतीपर्यंत थांबले. शनिवारी रात्री ती आईबरोबर एस.टी.ने गावी गेली, सोमवारी शाळेतून तिचा दाखला काढला. त्या मुलाला तिच्या भावांनी मारलं. आणि फोडलं कुणी, तर दुसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलीने, असं सगळ्या चाळीने ठरवलं, कारण तिलाही माहीत होतं आणि ती बडबडी होती. तिच्या आईशी बायका महिनोन् महिने बोलत नव्हत्या. मी त्या बायकांमध्ये पाण्याच्या रांगेत उभी असायचे.

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. स्वतःशी बोलतानासुद्धा मी म्हणायचे की चिठ्ठी वहीत राहिली.

म्हणून श्रावणीचं बोट घसरत होतं.

दुसरा खर्डा सात महिन्यांत झाला. 'चुकून' शब्द मी काढून टाकला नाही. पहिल्या पत्रांत तो तसाच ठेवला, कारण अपराध करणारं मूल प्रथम तेच म्हणतं. पण मग त्याच्याशी झगडायला लावलं. नवव्या पत्रात ती लिहिते 'चुकून', आणि खोडते. बाराव्यात 'माझं बोट घसरलं' आणि ता. क. मध्ये, आडवं: बोट घसरलं नव्हतं. मुद्रितशोधकाची खोडायची खूण मी रोज शंभरदा वापरते. ती तिच्या हातात देताना पहिल्यांदा जाणवलं की खोडलेला शब्द वाचता येतो. छापताना तो खोडलेलाच छापावा असं मी प्रकाशकांना सांगितलंय.

अपराधीपणावरची पुस्तकं या वयासाठी लिहिताना लेखक दोन ठिकाणी घसरतात, असं माझं मत झालंय. एक तर मुलाने केलेली गोष्ट इतकी मोठी करतात, खून, अपघात, मृत्यू, की वाचणाऱ्या मुलाला वाटतं हे आपलं नव्हे. नाहीतर इतकी निष्पाप करतात की कबुलीला अर्थच राहत नाही. खरं दुखणं मधे असतं. मुलं क्षुल्लक कारणासाठी, समजून उमजून, फार मोठं नुकसान करतात, आणि कारण किती क्षुल्लक होतं याचीच त्यांना जास्त लाज वाटते. नुकसान सांगायला मूल एकवेळ तयार होतं, कारण सांगायला होत नाही. म्हणून रहस्य 'काय केलं' यात ठेवू नये, 'का केलं' यात ठेवावं. श्रावणीने काय केलं हे वाचकाला आता तिसऱ्या पत्रात कळतं. का केलं, ते विसाव्यात.

शेवट मात्र जुळत नव्हता. पहिल्या खर्ड्यात तन्वी परत येते आणि दोघी रडतात. ते आता शक्य नव्हतं. तेव्हा गावदेवीच्या मणिभवनात मी गांधीजींच्या आत्मकथेतलं चोरीचं प्रकरण पुन्हा वाचलं. पंधराव्या वर्षी त्यांनी भावाच्या कड्यातला सोन्याचा तुकडा चोरला, कर्ज फेडायला. तोंडाने सांगायची हिंमत होईना म्हणून वडिलांना चिठ्ठी लिहिली. दोष कबूल केला, शिक्षा मागितली, माझ्यासाठी तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका अशी विनंती केली, पुन्हा चोरी न करण्याची शपथ घेतली. शाळेत वाचलं होतं तेव्हा वडिलांचे अश्रू तेवढे लक्षात राहिले होते. या वेळी दुसरीच ओळ दिसली. वडील आजारी, लाकडी फळीवर पडलेले. चिठ्ठी हातात दिली आणि हा मुलगा समोर बसून राहिला. ते वाचत असताना बसून राहिला. चिठ्ठी भिजली, त्यांनी डोळे मिटून विचार केला, फाडली. तोवर हा तिथेच.

माझी श्रावणी बावीस पत्रं लिहून एकदाही कुणासमोर बसली नव्हती. तिने पत्ता निवडला होता तो पडलेल्या घराचा. मी तरी वेगळं काय करत होते? अख्खी कादंबरी लिहायला घेतली होती ती दुसऱ्याच मुलींच्या नावाने.

2025च्या ऑगस्टमध्ये ट्रान्झिटला जाऊन मैत्रिणीच्या भावाकडून तिचा पत्ता घेतला. संगमेश्वर तालुक्यातलं गाव. कशाला हवाय हे त्याने विचारलं नाही. पत्र दोन पानी झालं. भजनाची वही, पहिला गजर, नळावरचं बोलणं, सगळं लिहिलं. 'चुकून' लिहिलं नाही. माफ कर असंही लिहिलं नाही. ते लिहिलं की समोरच्यावर उत्तराची जबाबदारी येते, आणि ती टाकायचा मला हक्क वाटला नाही. पाठीमागे माझा पूर्ण पत्ता घातला. पोस्टात रजिस्टर ए.डी. केलं. खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं की 1 सप्टेंबरपासून रजिस्टर बंद, सगळं स्पीड पोस्टात जाणार. पोचपावतीचं कार्ड भरताना हात इतका थरथरत होता की पिनकोडचा एक आकडा गिरवावा लागला.

दुसऱ्या मजल्यावरची ती मुलगी, आता तिचीही मुलं कॉलेजात आहेत, त्याच ट्रान्झिटमध्ये राहते. त्या दिवशी तिने हाक मारून आत बोलावलं, चहा दिला, माझ्या आईची चौकशी केली. मी चहा प्यायले आणि निघाले. तिला अजून सांगितलेलं नाही. तिला पत्र लिहून चालणार नाही, ती समोर भेटते.

कादंबरीचं शेवटचं प्रकरण मी त्यानंतर लिहिलं. श्रावणी तेविसावं पत्र लिहिते आणि पेटीत टाकत नाही. ते घेऊन ती रियाच्या घरी जाते, बेल वाजवते. रिया दार उघडते तिथे पुस्तक संपतं. मुलींना वाचून दाखवलं तेव्हा आठवीतली ती, आता दहावीत गेलेली, म्हणाली की रियाने दार लावून घ्यायला पाहिजे. यावर त्यांचं खूप भांडण झालं. मी मधे पडले नाही.

पोचपावती सतराव्या दिवशी आली. पिवळसर कार्ड, एका कोपऱ्याला पाणी लागलेलं, गावच्या शाखा डाकघराचा शिक्का अर्धाच उमटलेला. सहीच्या जागी तिचं नाव, देवनागरीत, पूर्ण. आडनाव मला नवीन. नावात एक 'ल' आहे, तो तिने पाकळीचा काढलाय, आमच्या मराठीच्या बाई फळ्यावर काढायच्या तसा. दुसरं काही नाही, आणि त्यानंतरही काही आलेलं नाही.

कार्ड स्वयंपाकघरात गॅसच्या बिलांच्या चिमट्याला लावून ठेवलं होतं. लेकीने डबा भरताना ते काढून पाहिलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "आई, ही कोण?"

मी गॅस बंद केला. तिच्यासमोरची खुर्ची ओढली आणि बसले.